दूध आलं होतं का?

थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन आलेली बाई खुर्चीत बसता बसताच सांगते, “मॅडम, माझा थायरॉइड वाढलाय.” कागदावर टीएसएच 14 असतं, शेजारी ठळक अक्षरांत ‘हाय’ छापलेलं असतं, तेव्हा तिचा तसा समज होणं साहजिक आहे. पण वाढलेलं असतं ते टीएसएच. थायरॉइड उलट कमी पडत असतो. टीएसएच गळ्यातल्या थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. ते येतं मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून, आणि थायरॉइडला कामाला लावणं एवढंच त्याचं काम. थायरॉइड हलेनासा झाला की पिट्यूटरी हुकूम वाढवत नेते. रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक, म्हणजे टी-4, थोडंसं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतं. म्हणून तर एका चाचणीत थायरॉइडचं दुखणं इतकं लवकर सापडतं.

या चाचणीत एक गोष्ट मात्र आपण न बोलता गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, हुकूम सोडणारी ग्रंथी धडधाकट आहे. ती तशी नसेल तर? मग थायरॉइड कितीही मंदावला तरी टीएसएच वाढत नाही. रिपोर्टवर 2 किंवा 3 असा देखणा आकडा येतो, खाली ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं, आणि बाई घरी परत जाते. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करते. अशा नॉर्मल रिपोर्टची जाडजूड फाइल छातीशी धरून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि हा लेख त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी पिट्यूटरी आणि तिला हुकूम देणारा हायपोथॅलॅमस या दोन अवयवांची ओळख. नाकाच्या मुळापासून सरळ मागे आत गेलं की कवटीच्या तळाच्या हाडात एक लहानसा खळगा आहे. त्यात पिट्यूटरी बसलेली असते. वजन साधारण अर्धा ग्रॅम, आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मराठी पुस्तकांत तिला पीयूषिका म्हणतात. दवाखान्यात कोणी तसं म्हणत नाही, म्हणून मीही इथे पिट्यूटरीच म्हणते. तिच्या अगदी वर डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात. त्यामुळे पिट्यूटरीत गाठ वाढली तर दोन्ही बाजूंची कडेची नजर जाते. समोरचं नीट दिसतं, पण बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही. अशा गाठीचं ऑपरेशन बहुतेक वेळा नाकातूनच करतात.

तिच्या वर, एका बारीक देठाने जोडलेला, मेंदूचा जेमतेम चार ग्रॅमचा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस. तहान, भूक, अंगाची ऊब, झोपेचं घड्याळ हे सगळं तो सांभाळतो. रक्तात काय चाललंय, अंगात चरबी किती साठली आहे, बाहेर उजेड आहे की अंधार, माणूस घाबरलंय की निवांत आहे, या सगळ्या खबरा त्याच्याकडे येतात.

शाळेच्या पुस्तकात पिट्यूटरीला ‘मास्टर ग्लँड’ म्हटलेलं असतं. आमच्या भागात कोणालाही लगेच कळेल असं सांगायचं तर ती मुकादम आहे. टोळीला ती हुकूम देते हे खरं, पण तोडणीचा कार्यक्रम कारखान्याकडून येतो आणि गव्हाणीत ऊस किती पडला हे पाहून तो रोज बदलतो. थायरॉइड, मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि बीजकोश ही झाली टोळी. हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला टीआरएच पाठवतो, पिट्यूटरी थायरॉइडला टीएसएच पाठवते, थायरॉइड रक्तात टी-4 सोडतो. आणि ते टी-4 रक्तातून पुन्हा वर पोचून दोघांनाही सांगतं, आता पुरे. असाच एक फेरा कॉर्टिसॉलचा, म्हणजे आजारपणात अंगाला तारणाऱ्या संप्रेरकाचा आहे. वरून सीआरएच, मधून एसीटीएच, खाली अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल, आणि कॉर्टिसॉल वर जाऊन दोघांना थांबवतं. तिसरा फेरा पाळीचा आणि वीर्याचा. वरून जीएनआरएच, मधून एलएच आणि एफएसएच, खाली बीजकोश किंवा वृषणं. वाढीचं संप्रेरक आणि दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हीसुद्धा पिट्यूटरीच सोडते.

वरचा हुकूम खाली पोचतो कसा, हे कोडं सुटायला फार वर्षं लागली. पिट्यूटरीच्या पुढच्या भागात मेंदूकडून जवळपास नसा येतच नाहीत. 1930 मध्ये ग्रिगोरे पोपा आणि उना फील्डिंग या दोघांनी लंडनमध्ये त्या देठातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं नीट दाखवलं, पण रक्त पिट्यूटरीकडून मेंदूकडे, म्हणजे खालून वर वाहतं, असं त्यांनी मांडलं. मेलेल्या ऊतीत प्रवाहाची दिशा कशी कळणार? 1935 मध्ये अर्जेंटिनात बेर्नार्दो उसाय यांच्या गटाने जिवंत भेकामध्ये ते रक्त वरून खाली येताना पाहिलं. 1949 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन ग्रीन आणि जेफ्री हॅरिस यांनी जिवंत उंदरांत तेच पाहिलं. दिशा उलटली आणि सगळा अर्थच बदलला. मेंदू हुकूम नसांतून नाही, रक्तातून पाठवतो.

हॅरिस यांनी 1952 मध्ये डोरा जेकबसन यांच्याबरोबर केलेला प्रयोग मला वैद्यकातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. उंदरांच्या माद्यांची पिट्यूटरी त्यांनी काढून टाकली आणि परकी पिट्यूटरी आणून बसवली. काही माद्यांत ती हायपोथॅलॅमसच्या बरोबर खाली ठेवली, काहींत थोडी बाजूला, मेंदूच्याच दुसऱ्या भागाखाली. दोन्ही ठिकाणी ती जगली, तिला रक्तही मिळालं. पण हायपोथॅलॅमसखाली ठेवलेल्या माद्यांचं ऋतुचक्र परत सुरू झालं, काही गाभण राहिल्या, व्याल्या, पिलांना त्यांनी पाजलं. बाजूला ठेवलेली ग्रंथी मात्र नुसती पडून राहिली. ग्रंथी जिवंत असणं पुरेसं नव्हतं. वरून येणारं ते विशिष्ट रक्त तिला मिळायला हवं होतं.

मग त्या रक्तात असतं तरी काय? याचा शोध दोन माणसांनी चुरशीने घेतला. फ्रान्समधून आलेले रॉजर गिलमँ आणि पोलंडमध्ये जन्मलेले अँड्र्यू शाली हे दोघे आधी ह्यूस्टनला एकत्र काम करत होते, पुढे वेगळे झाले आणि कित्येक वर्षं एकमेकांवर मात करायला धडपडले. गिलमँ यांनी मेंढ्यांचे मेंदू घेतले, शाली यांनी डुकरांचे, तेही कत्तलखान्यांतून लाखांनी गोळा करून. सुमारे 3 लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून गिलमँ यांच्या हाती शुद्ध टीआरएच लागलं ते 1 मिलिग्रॅम. मिठाचा एखाद-दुसरा बारीक खडा भरेल एवढंच. 1969 मध्ये दोन्ही गटांनी त्याची रचना सांगितली. अवघी 3 अमिनो आम्लं! 1971 मध्ये शाली यांच्या प्रयोगशाळेने 10 अमिनो आम्लांच्या जीएनआरएचची रचना मांडली. 1977 चं नोबेल या दोघांना मिळालं, आणि त्यांच्याबरोबर ते रोझलिन यॅलो यांनाही मिळालं. यॅलो यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासोबत रक्तातली अतिसूक्ष्म संप्रेरकं मोजायची पद्धत शोधली होती. यॅलो यांच्या हयातीतच ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. आज तालुक्याच्या लॅबमध्ये टीएसएच मोजता येतं ते त्यांच्यामुळे. बर्सन 1972 मध्येच गेले होते, म्हणून त्यांचं नाव नोबेलच्या यादीत नाही. गिलमँ आणि शाली दोघेही 2024 मध्ये वारले. एक शंभर वर्षांचे होऊन, दुसरे सत्त्याण्णवाव्या वर्षी.

पिट्यूटरीच्या मागच्या भागाची गोष्ट निराळी. तिथे हायपोथॅलॅमसमधल्या पेशींचे लांब तंतूच उतरलेले असतात. संप्रेरक वर तयार होतं, तंतूंतून खाली येतं आणि तिथे साठून राहतं. अशी दोन संप्रेरकं आहेत. व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतं. ते संपलं तर माणूस दिवसाला बादलीभर लघवी करतो आणि रात्रभर पाणी पीत बसतो. दुसरं ऑक्सिटोसिन, आणि ते मी डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

आमच्या घरी म्हशी होत्या. धार काढायला माझी आजी बसायची. आधी आंबोणाचं घमेलं म्हशीपुढे सरकवायची, मग रेडकू सोडायची. रेडकू कासेला ढुशा द्यायचं, चारी सड चोखायचं. मिनिटभरात कास ताठ व्हायची, सड तेलकट चमकायचे, आणि आजी म्हणायची, “पान्हावली.” मग रेडकू ओढून बाजूला बांधायचं आणि धार काढायची. आजी कधी परगावी गेली आणि शेजारचं कोणी धारेला बसलं तर म्हैस दूध चोरायची. कास भरलेली, पण पितळी बादलीत चार धारांच्या वर काही पडत नसे. यात होतं ते असं. सड चोखल्याची खबर नसांतून हायपोथॅलॅमसला पोचते, तिथून निरोप खाली येतो, पिट्यूटरीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं आणि कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसून दूध सडाकडे ढकलतात. नुसता आंबोणाचा वास किंवा बादलीचा आवाज आला तरीही ते सुटू शकतं, कारण हुकूम मेंदूतून निघतो. आणि परका माणूस, भीती, दुखणं यांनी ते अडतंही. बाळंतिणीचं अगदी असंच असतं. शेजारच्या खोलीत बाळ रडलं की तिचा पदर भिजतो, आणि सासरी कोणी टाकून बोललं की दूध उतरत नाही. दूध ‘तयार’ करतं प्रोलॅक्टिन, ‘सोडतं’ ऑक्सिटोसिन. एक ग्रंथीच्या पुढच्या भागातलं, एक मागच्या.

प्रोलॅक्टिनची एक खोड सांगून पुढे जाते. बाकीच्या संप्रेरकांना हायपोथॅलॅमस ढोसतो, प्रोलॅक्टिनला मात्र तो डोपामिन पाठवून सतत आवरून धरतो. हा आवर सुटला की लग्न न झालेल्या मुलीच्याही छातीतून दूध येतं आणि पाळी थांबते. पुष्कळदा कारण गाठ नसून गोळी असते. पित्तावर सर्रास दिलं जाणारं डोमपेरिडोन डोपामिनला अडवतं. काही मानसिक आजारांची औषधंही तेच करतात. अशा मुलीला एमआरआयला पाठवण्याआधी मी तिच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढून ठेवायला सांगते.

हायपोथॅलॅमसचा आणखी एक गुण मला थक्क करतो. तो सलग बोलत नाही, थांबून थांबून बोलतो. पाळी नियमित असलेल्या बाईमध्ये साधारण तास-दीड तासाने जीएनआरएचचा एक ठोका पडतो. 1978 मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडिणींवर दाखवलं की तासातून एकदा जीएनआरएच दिलं तर पिट्यूटरी कामाला लागते आणि तेच अखंड देत राहिलं तर ती गप्प होते. याचाच उपयोग करून आज प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषी संप्रेरक बंद पाडतात, आणि सातव्या वर्षी वयात येऊ लागलेल्या मुलींना थांबवून धरतात. आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली येतात. पहाटे चारला उठून पळायचं, दिवसभर क्लास, जेवण म्हणजे दोन भाकरी आणि चटणी. चार-सहा महिन्यांनी पाळी थांबते. आई घाबरून गर्भाची तपासणी करून आणते, ती अर्थातच कोरी असते. त्या मुलीचे बीजकोश ठणठणीत असतात. अंगात येणारं अन्न खर्चाला पुरत नाही हे हायपोथॅलॅमसने ओळखलेलं असतं, आणि अशा दिवसांत मूल परवडणार नाही म्हणून त्याने ठोके कमी केलेले असतात. पाळी ‘आणायच्या’ गोळ्यांनी काही दिवस रक्त दिसतं, मूळ गोष्ट तशीच राहते. तिला दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ आणि आठवड्यातून दोन दिवस विश्रांती लागते. मी तसं चिठ्ठीवर लिहून देते आणि अकॅडमीच्या सरांना दाखवायला सांगते.

आता त्या फाइलवाल्या बाईकडे येते.

धारूर-वडवणीकडच्या डोंगरपट्ट्यातली, चाळिशीच्या आतली, ऊसतोडीला जाणारी. हगवण-उलटीचं निमित्त झालं आणि नवऱ्याने तिला जवळजवळ उचलूनच आणलं. रक्तदाब 80 वर 50, रक्तातली साखर 52, सोडियम 116. दोन दिवसांच्या हगवणीने माणूस इतकं खचत नाही. बोलवलं की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. चेहरा पांढुरका, मेणचट, त्यावर म्हातारीसारख्या बारीक सुरकुत्या. सलाईन लावण्यासाठी हात बाजूला केला तेव्हा दिसलं की काखेत एकही केस नाही.

फाइलमध्ये निरनिराळ्या दवाखान्यांचे कागद होते. कुठे अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या, कुठे नैराश्याचं औषध, कुठे नुसतं ‘टॉनिक’. टीएसएच दोनदा केलेलं होतं, दोन्ही वेळा नॉर्मल. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेल्या तक्रारीवर इलाज केला होता. मी नवऱ्याला विचारलं, पाळी येते का? “नाही, लई वर्षं झाली.” पिशवी काढलीय का? आमच्या भागात हे विचारावंच लागतं, कारण तोडणीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भपिशवी तरुणपणीच काढलेली असते. “नाही. आपणहूनच बंद झाली.” शेवटचं बाळंतपण कुठे झालं? “कोपीवर. फडाच्या कडंला.” रक्त खूप गेलं होतं? तो जरा थांबला, मग म्हणाला, “दोन गोधड्या भिजल्या. ती वाचती का न्हाई असं झालं होतं.” आणि मग मी विचारलं, बाळाला पाजायला दूध आलं होतं का?

आलं नव्हतं. थेंबही नाही. पोरगं शेळीच्या दुधावर वाढलं.

या उत्तरांत निदान होतं. त्याचं नाव शीहान सिंड्रोम. ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात काम करणारे पॅथॉलॉजिस्ट हॅरल्ड शीहान यांनी बाळंतपणात दगावलेल्या बायकांची शवविच्छेदनं करताना पाहिलं की ज्यांना भयंकर रक्तस्राव झाला होता, त्यांच्या पिट्यूटरीचा पुढचा भाग मेलेला असतो. 1937 मध्ये त्यांनी ते मांडलं. गरोदरपणात प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि पिट्यूटरी एकतृतीयांशाने, कधी त्याहूनही जास्त मोठी होते. तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळतं ते प्रामुख्याने देठातल्या त्याच नाजूक, कमी दाबाच्या वाहिन्यांतून, ज्यांची दिशा ठरवायला शास्त्रज्ञांना वीस वर्षं लागली. बाळंतिणीचा रक्तदाब कोसळला की वाढलेली ग्रंथी रक्तावाचून तडफडते आणि तिचा मोठा भाग मरतो. मागच्या भागाला स्वतंत्र धमनी असते, तो सहसा वाचतो.

बाई मात्र मरत नाही, आणि तिथेच घोळ सुरू होतो. दूध येत नाही, तेव्हा ‘हिला अंगावर दूध नाही’ असं म्हणून बायका वरचं दूध सुरू करतात. पाळी परत येत नाही, तेव्हा ते पाजण्यामुळे किंवा अशक्तपणामुळे असं वाटतं. तोडणीच्या फडात, जिथे आडोसा नाही आणि पाणी नाही, तिथे पाळी न येणं ही सुटकाच वाटते. मला तिने पुढे तसं स्पष्ट सांगितलं. मग थंडी सोसवत नाही, काम उरकत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. उरलेल्या थोड्या पेशी कशाबशा गाडा ओढत राहतात, म्हणून हे कित्येक वर्षं रेंगाळतं. आणि मग एक ताप, एक हगवण, एक ऑपरेशन आलं की ज्या घडीला अंगाला कॉर्टिसॉल दुप्पट-चौपट लागतं, त्या घडीला ते मिळत नाही. काश्मीर खोऱ्यात झालेल्या एका पाहणीत मूल झालेल्या बायकांपैकी सुमारे 3 टक्के बायकांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला होता, आणि त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश घरीच बाळंत झालेल्या होत्या.

तिचं रक्त आम्ही हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, टोचण्याआधी काढून ठेवलं. आठवड्यात रिपोर्ट आले. कॉर्टिसॉल नगण्य. टीएसएच 3.2, एकदम सरळ. पण शेजारी फ्री टी-4 तळाला. पाळी बंद असलेल्या बाईत एफएसएच चढलेलं दिसायला हवं, ते 2 च्या आसपास. प्रोलॅक्टिनही नावापुरतं. पुढे लातूरला केलेल्या एमआरआयमध्ये ग्रंथीचा खळगा जवळजवळ रिकामा होता. एकेकटा आकडा पाहिला असता तर टीएसएच पुन्हा एकदा ‘नॉर्मल’च होतं. या दुखण्यात हुकूम आणि काम हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. काम कमी आणि हुकूम जास्त असेल तर बिघाड खालच्या ग्रंथीत. दोन्ही कमी असतील, किंवा काम कमी असूनही हुकूम जागचा हलला नसेल, तर बिघाड वर. म्हणून माझी लॅबवाल्यांना आणि आरोग्य शिबिरं भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती असते की फार थकलेल्या, पाळी गेलेल्या बाईचं नुसतं टीएसएच करून तिला मोकळं करू नका, सोबत फ्री टी-4 करा.

कॉर्टिसॉलचा बिघाड खाली आहे की वर, हे कधीकधी कातडीच सांगते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी क्षयाने किंवा आणखी कशाने नासल्या असतील तर पिट्यूटरी एसीटीएच भरमसाट सोडत राहते, आणि त्या संप्रेरकाने कातडी काळवंडते. हातांच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडतात. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये हा आजार सांगितला तो या काळेपणासकट. पिट्यूटरीच मेलेली असेल तर एसीटीएच नाही, म्हणून कातडी उलट फिकट होते. आमची ही बाई उन्हातान्हात राबून पांढरी पडत चालली होती, आणि गावातल्या बायका तिला म्हणत होत्या, “उजळलीस की गं.”

इलाजात क्रम फार महत्त्वाचा. टी-4 कमी आहे म्हणून आधी थायरॉइडची गोळी सुरू केली तर अंगाचा व्यवहार वेग घेतो, असेल नसेल ते कॉर्टिसॉल भराभर संपतं आणि बाई शॉकमध्ये जाते. आधी कॉर्टिसॉल, काही दिवसांनी थायरॉक्सिन. आम्ही पहिल्याच तासात शिरेतून 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली आणि तिने चहा मागितला. सोडियम भसकन वर जाऊ नये म्हणून आम्ही दर काही तासांनी ते मोजत होतो. पुढच्या आठवड्यात थायरॉइडची गोळी लहान मात्रेने सुरू केली. ही औषधं जन्मभर घ्यायची आहेत. ती महाग नाहीत, पण तालुक्याला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या कायम मिळतील याचा भरवसा नसतो, म्हणून तिच्या घरी दोन महिन्यांचा साठा आधीच ठेवायला लावला आहे.

हा आजार टळू शकतो, आणि टाळण्याचं साधन त्याच हायपोथॅलॅमसचं आहे. बाळ बाहेर येताच आईला 10 युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की गर्भाशय घट्ट आवळतो आणि रक्त थांबतं. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी हे 9 अमिनो आम्लांचं संप्रेरक प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. तबेल्यांत म्हशींना टोचण्यासाठी याचा गैरवापर होतो म्हणून केंद्र सरकारने 2018 मध्ये खासगी कंपन्यांना ते बनवायला मनाई केली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि ते योग्यच झालं. गैरवापर थांबवावा, पण बाळंतिणीच्या उशाशी हे औषध कमी पडता कामा नये. ते थंड जागी ठेवावं लागतं. उसाच्या फडात ना फ्रीज, ना ते टोचणारं कोणी. दिवस भरत आलेल्या बाईला तोडणीवर न्यायचंच नाही, आणि न्यावं लागलंच तर जवळचं आरोग्य केंद्र टोळीने आधी पाहून ठेवायचं, एवढं मी प्रत्येक गरोदर बाईच्या नवऱ्याला आणि ओळखीच्या मुकादमांना बजावते.

पिट्यूटरी मरत नाही, पण झोपवली जाते, असाही एक प्रकार आमच्याकडे रोज दिसतो. गुडघेदुखीवर, दम्यावर बाजारात बिननावाच्या पुड्या मिळतात. पहिल्या पुडीत माणूस पळायला लागतो, कारण तीत बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. महिन्यांमागून महिने ते पोटात गेलं की रक्त कॉर्टिसॉलने भरलंय असं हायपोथॅलॅमसला वाटतं. सीआरएच थांबतं, एसीटीएच थांबतं, अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसतात. तोंड गोल सुजतं, साखर वाढते. मग कोणीतरी सांगतं, यात स्टेरॉइड आहे, फेकून दे. तो फेकतो, आणि आठवड्याभरात उलट्या होऊन रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत येतो. अशी पुडी कोणी घेत असेल तर ती एका दिवसात सोडू नका. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरकडे जा. माहीत असलेली मात्रा ठरवून ती हळूहळू, काही महिन्यांत उतरवावी लागते, म्हणजे वरचे दोघे जागे व्हायला वेळ मिळतो. ते जागे झाले की नाहीत हे सकाळी आठच्या सुमाराला रक्त काढून पाहतात, कारण कॉर्टिसॉल तेव्हा सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. संध्याकाळच्या नमुन्यावरून काहीच ठरवता येत नाही.

तिच्यासाठी मी एक कार्ड केलं आहे. ‘माझी पिट्यूटरी ग्रंथी काम करत नाही. ताप आल्यास माझी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दुप्पट करा. उलट्या होत असल्यास, बेशुद्ध असल्यास किंवा ऑपरेशन करायचं असल्यास हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन ताबडतोब द्या, रिपोर्टसाठी थांबू नका.’ त्यांची टोळी कधी कोल्हापूरकडे जाते, कधी कर्नाटकात, म्हणून मागच्या बाजूला हेच कन्नडमध्ये आहे. लॅमिनेट केलेलं कार्ड तिने गळ्यातल्या दोऱ्यात ओवलं आहे. दिवाळीनंतर नवरा-बायको पुन्हा तोडणीला गेले. जाण्याआधी ती टोळीतल्या दोघींना घेऊन आली होती, दोघींचीही पाळी बाळंतपणानंतर गेलेली. एकीला भरपूर दूध होतं, तीन वर्षं तिने मुलाला पाजलं होतं. तिचं टीएसएच 40 निघालं, गोळी सुरू झाली. दुसरीला दूध आलं नव्हतं. तिला कॉर्टिसॉल आणि फ्री टी-4 साठी सकाळी आठला बोलावलं आहे, आणि तपासण्या होईपर्यंत तिने फडावर जायचं नाही, हे मुकादमाला फोन करून मी स्वतः सांगितलं आहे.